जिभेला कळू नये, शरीराला मिळावं

मी येलहंक्याहून बोलतोय, म्हणजे बंगळुरूच्या उत्तर टोकावरून. इथल्या मराठी घरांतून मला दोन प्रश्न सारखे विचारले जातात. पहिला, "सैंधव चांगलं की आयोडीनचं मीठ?" आणि दुसरा, "रेशनच्या तांदळात ते प्लास्टिकसारखे दाणे निघतात, ते काय असतं?"

प्रश्न वेगळे वाटले तरी दोन्हींच्या मागे एकच गोष्ट आहे. रोजच्या अन्नात कुणीतरी काहीतरी मिसळतंय. एका ठिकाणी ते दिसत नाही म्हणून शंका येते, दुसऱ्या ठिकाणी दिसतं म्हणून भीती वाटते. या मिसळण्याला फोर्टिफिकेशन म्हणतात. रेशनच्या पाट्यांवर तुम्ही 'गुणसंवर्धित तांदूळ' असंही वाचलं असेल.

यात तीन अटी पाळाव्या लागतात. एक, पदार्थाचा रंग, चव, वास आणि शिजणं बदलता कामा नये. दोन, घातलेलं पोषकतत्त्व कारखान्यापासून ताटापर्यंत टिकलं पाहिजे. तीन, पोटात गेल्यावर ते अंगी लागलं पाहिजे. गंमत अशी की या तिन्ही अटी एकमेकींशी भांडतात. आजचा सगळा भाग या भांडणाबद्दल आहे.

आयोडीन: त्यातल्या त्यात सोपं प्रकरण

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. एक ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातले दीडशे. हिशेब करून बघा: सत्तर वर्षांच्या आयुष्याला चार ग्रॅमही लागत नाही. चहाचा एक चमचाही भरणार नाही. पण हा चमचा एकदम खाऊन चालत नाही, रोज थोडा थोडाच मिळावा लागतो, कारण शरीर आयोडीनचा फार मोठा साठा करत नाही.

हे कमी पडलं की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी फुगते. तोच गलगंड. पण गलगंड हे दिसणारं नुकसान झालं. न दिसणारं त्याहून मोठं आहे. पोटातल्या बाळाच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असते. त्या काळात आयोडीनची मोठी कमतरता राहिली, तर झालेलं नुकसान नंतर गोळ्या देऊन भरून निघत नाही. म्हणून गरोदर बाईची गरज जागतिक आरोग्य संघटना २५० मायक्रोग्रॅम धरते.

आता कुणी म्हणेल, समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच की! नसतं. समुद्राच्या पाण्यात ते थोडं असतं, पण उन्हात पाणी आटवून जे मीठ उरतं त्यात ते नगण्य राहतं. सैंधव, काळं मीठ, गुलाबी मीठ यांचंही तसंच. पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं नसेल, तर त्यात आयोडीन नाही असंच धरून चला.

मिठात आयोडीन घालायची कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ मध्ये ती अमलात आली. आपल्याकडचा पाया मात्र हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात घातला गेला. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन घातलेलं मीठ दिलं आणि एका भागाला साधं. काही वर्षांत पहिल्या दोन भागांत गलगंडाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं, साध्या मिठाच्या भागात ते तसंच राहिलं. मग तिथेही आयोडीनचं मीठ सुरू केलं आणि तिथलाही गलगंड ओसरला. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. त्याच्या लेखकांत एम. जी. देव आणि एम. जी. करमरकर ही मराठी नावंही आहेत.

देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. तेव्हा हा डोंगराळ भागाचा आजार समजला जायचा. पुढे पाहण्या झाल्या तशी मैदानात आणि किनाऱ्याजवळही कमतरता सापडली, आणि सगळ्यांच्याच मिठात आयोडीन हवं हे ठरलं.

आयोडाइड की आयोडेट?

इथे गुणवत्तेचा पहिला प्रश्न येतो. आयोडीन घालायचं ते कोणत्या रूपात? पोटॅशियम आयोडाइड पाण्यात चटकन विरघळतं, पण दमट हवेत आणि अशुद्ध मिठात टिकत नाही. त्यातलं आयोडीन मोकळं होऊन उडून जातं. थंड, कोरड्या देशात आणि शुद्ध मिठात ते चालतं. आपल्याकडे पावसाळा आहे, उघडी पोती आहेत, रेल्वेच्या वाघिणीतला आठवड्याचा प्रवास आहे. म्हणून आपण पोटॅशियम आयोडेट वापरतो. ते पांढरं असतं, त्या मात्रेत त्याला चव नसते आणि ते जास्त टिकतं.

मात्रा किती? एक टन मिठात तीस ग्रॅम आयोडीन घालायचं तर साधारण पन्नास ग्रॅम आयोडेट लागतं. एक हजार किलोला पन्नास ग्रॅम! ते कोरडं टाकून फावड्याने ढवळलं, तर एका पुडीत सगळं आणि दुसरीत काहीच नाही असं होईल. म्हणून आयोडेट पाण्यात विरघळवून पट्ट्यावरून सरकणाऱ्या मिठावर फवारतात आणि मग मळसूत्री यंत्रातून ते मीठ घुसळत पुढे नेतात. प्रत्येक पाळीत नमुना घेऊन तपासतात. तपासणी शाळेत केलेल्या टायट्रेशनचीच असते: आम्लात आयोडाइड घालून आयोडेटमधलं आयोडीन मोकळं करायचं, त्यावर थायोसल्फेट सोडायचं आणि स्टार्चचा निळा रंग नाहीसा कधी होतो ते बघायचं.

मिठाचं हे गणित जमलं कारण आयोडीन लागतंच इतकं कमी, की जिभेला पत्ताही लागत नाही. पुढे लोहाकडे गेलो की ही चैन संपते.

मग आयोडीन जातं कुठे?

ग्राहकाच्या हाती पडताना मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे एका किलोत १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा दंडक आहे. २०१८-१९ च्या देशव्यापी पाहणीत ७६.३ टक्के घरांतलं मीठ या कसोटीला उतरलं. जम्मू-काश्मीरमध्ये हे प्रमाण ९९.८ टक्के होतं आणि तमिळनाडूत ६१.९. राजस्थानही मागे होता. तमिळनाडूत तूतुकुडी आहे, राजस्थानात सांभर आहे. म्हणजे जिथे मीठ पिकतं तिथेच आयोडीन कमी. मिठागराजवळ कच्चं, सुटं मीठ स्वस्त आणि सहज मिळतं. काश्मीरला मात्र मीठ येतं तेच पाकिटातून.

मीठ अशुद्ध असलं की नुकसान वाढतं. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. पोतं पाझरतं आणि त्या पाण्याबरोबर आयोडेट तळाशी उतरतं. म्हणून चांगल्या मिठासाठी आधी मीठ धुऊन, वाळवून शुद्ध करावं लागतं. नुसतं आयोडेट फवारून भागत नाही.

दक्षिणेत आणखी एक गोष्ट आहे. इथे घरोघरी कल्लुप्पू, म्हणजे आपलं खडेमीठ वापरतात. खड्याच्या पृष्ठभागावर फवारलेलं आयोडेट वरच्या वरच असतं. खडे माती जावी म्हणून धुतले, की आयोडेटही गेलं. खडेमीठच आवडत असेल तर आयोडीनयुक्त आणि स्वच्छ असं पाकीटबंद घ्या आणि धुऊ नका.

यात कायद्याचा धरसोडपणाही झाला. साधं मीठ खाण्यासाठी विकायला मे १९९८ मध्ये देशभर बंदी आली, सप्टेंबर २००० मध्ये ती उठवली आणि मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. 'कुणाच्या ताटात काय असावं हे सरकारने का ठरवावं' हा वाद तेव्हा जोरात होता. तो प्रश्न चुकीचा नव्हता. पण ज्या बाळाच्या मेंदूचा प्रश्न आहे, त्याला बाजारात जाऊन पाकीट निवडता येत नाही, हे त्याचं उत्तर आहे असं मला वाटतं.

लोह: खरी डोकेदुखी

आयोडीन जमलं तर त्याच मिठात लोहही घालू, म्हणजे रक्तक्षयही जाईल. ऐकायला किती सरळ! पण लोह लागतं मिलिग्रॅममध्ये. दुहेरी मिठात एका ग्रॅमला साधारण एक मिलिग्रॅम लोह घालतात. म्हणजे आयोडीनच्या तीसपट किंवा त्याहून जास्त. एवढ्या लोहाला रंग आहे आणि चव आहे.

त्यात लोह आणि आयोडेट यांचं पटत नाही. थोडा ओलावा मिळाला की आयोडेट लोहाला गंजवतं आणि त्या झटापटीत आयोडीन मोकळं होऊन उडून जातं. मीठ पिवळट-तपकिरी पडतं. म्हणजे लोह घालायला जावं आणि होतं ते आयोडीनही घालवून बसावं.

यावर दोन वाटा निघाल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मिठात सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घातलं. ते लोहाला धरून ठेवतं आणि आयोडेटपाशी जाऊ देत नाही. दुसरी वाट टोरंटो विद्यापीठातली: लोहाच्या कणाला स्निग्ध पदार्थाचं बारीक कवच चढवायचं, म्हणजे दोघांची गाठच पडत नाही. कवच फुटलं किंवा वितळलं की मात्र भाजीत काळे ठिपके दिसतात.

बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेने झुरिकच्या संशोधकांबरोबर इथल्या मुलांवर दुहेरी मिठाचा अभ्यास केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचं लोह सुधारलं. म्हणजे नीट दिलं आणि नीट खाल्लं, तर काम होतं. पण बिहारमध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी हेच मीठ गावच्या दुकानांतून कमी किमतीत उपलब्ध करून बघितलं. फार थोड्या घरांनी ते चालू ठेवलं आणि गावपातळीवर रक्तक्षयात फरक दिसला नाही. प्रयोगातलं मीठ आणि दुकानातलं मीठ यात हे अंतर असतं. प्रयोगशाळेत रसायन जिंकतं, स्वयंपाकघरात बाई ठरवते.

तो 'प्लास्टिकचा' दाणा

आता तांदूळ. १५ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून घोषणा केली, की सरकारी योजनांमधला तांदूळ २०२४ पर्यंत गुणसंवर्धित करू. तेव्हापासून रेशन, अंगणवाडी आणि शाळेच्या जेवणात हा तांदूळ टप्प्याटप्प्याने येऊ लागला.

पिठात लोह घालणं सोपं, कारण पूड पुडीत मिसळते. तांदळावर पूड टाकली तर ती खाली बसते आणि पहिल्या धुण्यातच वाहून जाते. म्हणून तांदळाच्या पिठातच लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळतात, ते मळतात आणि शेवयांच्या सोऱ्यासारख्या यंत्रातून दाबून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात. साधारण शंभर दाण्यांत असा एक दाणा. तुम्ही निवडून बाजूला काढता तो हाच. पिठाचाच असल्याने तो थोडा पांढुरका किंवा पिवळसर दिसतो, कधी पाण्यावर तरंगतो. जाळला तर जळतो, पण तसा साधा तांदूळही जळतो. त्यात प्लास्टिक नसतं. आणि तो निवडून फेकला, की ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच कचऱ्यात गेलं.

या दाण्यात वापरतात ते फेरिक पायरोफॉस्फेट. ते पांढरं असतं, पाण्यात विरघळत नाही, म्हणून भात काळवंडत नाही आणि जिभेला लोखंडाची चव लागत नाही. पण विरघळत नाही, म्हणूनच ते पोटातही सहज शोषलं जात नाही. उलट फेरस सल्फेट छान शोषलं जातं, पण भाताचा रंग बदलतं आणि स्निग्ध पदार्थ खवट करतं. जे जिभेला कळत नाही ते आतड्यालाही सहज कळत नाही! लोहाच्या बाबतीत सगळं भांडण इथे आहे. तोडगा म्हणून पायरोफॉस्फेट फार बारीक दळतात, म्हणजे कणांचा पृष्ठभाग वाढतो आणि आतड्याला थोडं जास्त हाती लागतं. असं बारीक दळलेलं लोह घातलेला तांदूळ बंगळुरूच्या शाळकरी मुलांना सात महिने दिला, तेव्हा त्यांच्यातली लोहाची कमतरता कमी झाली. हा अभ्यास २००६ चा आहे.

गव्हाच्या आट्यासाठी वेगळं संयुग चालतं, सोडियम आयर्न ईडीटीए. कोंड्यातलं फायटेट लोहाला बांधून ठेवतं. ईडीटीए त्याच्या तावडीतून लोह सोडवून आणतं. तेही सेंट जॉन्सने इथल्या मुलांवर तपासलं आणि २०१२ मध्ये चांगले निकाल छापले. म्हणजे प्रत्येक पदार्थाला त्याचं त्याचं संयुग लागतं. एकच पूड सगळ्यांत टाकून चालत नाही.

दूध: उजेडाचा शत्रू

आमच्या येलहंक्यात कर्नाटक दूध महासंघाची मदर डेअरी आहे. दिल्लीची मदर डेअरी वेगळी, ही नंदिनीवाल्यांची. दुधाचं फोर्टिफिकेशन समजायला हे चांगलं उदाहरण आहे.

अ आणि ड जीवनसत्त्वं स्निग्धांशात राहतात. टोन्ड दूध करताना साय काढली, की तीही सायीबरोबर जातात. म्हणून ती परत घालायची. नियमाप्रमाणे लिटरमागे अ जीवनसत्त्व २७० ते ४५० मायक्रोग्रॅम आणि ड जीवनसत्त्व ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम. तेलकट जीवनसत्त्व दुधात वर तरंगू नये म्हणून ते आधी थोड्या दुधात घोटून घेतात, मग मोठ्या टाकीत सोडतात आणि एकजीव करतात. पाश्चरीकरणाची उष्णता ती बऱ्यापैकी सोसतात. अ जीवनसत्त्वाचा खरा शत्रू उजेड. पारदर्शक बाटलीत, दुकानाच्या दिव्याखाली ते झरझर कमी होतं. म्हणून अपारदर्शक पिशवी. तेलाचंही तेच: फोर्टिफाइड तेलाचा डबा खिडकीत ठेवू नका.

कर्नाटकात १ ऑगस्ट २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेत शाळा-अंगणवाडीच्या मुलांना पुडीपासून केलेलं १५० मिलिलिटर दूध दिलं जातं. अशा ठिकाणी दुधाला वास आला तर मूल ग्लास बाजूला सारतं. त्या दिवशी त्याला जीवनसत्त्वही मिळालं नाही आणि दूधही नाही. गुणवत्ता सांभाळणं म्हणतात ते यासाठी.

मग सगळ्यातच सगळं घालावं का?

माझं उत्तर, नाही. आयोडीनला मिठाशिवाय सोपा मार्ग नाही, त्यावर फारसा वाद उरलेला नाही. लोहाचं तसं नाही. सेंट जॉन्सचेच डॉ. अनुरा कुरपड यांनी सक्तीच्या तांदूळ-फोर्टिफिकेशनवर जाहीर प्रश्न उभे केले आहेत. सगळा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेने होत नाही. आणि मीठ, आटा, तांदूळ, गोळ्या अशा चार वाटांनी एकाच माणसाला लोह गेलं, तर ते जास्तही होऊ शकतं. थॅलॅसेमियाच्या रुग्णांनी तर डॉक्टरांना विचारूनच असा तांदूळ खावा. फोर्टिफिकेशन हा चांगल्या जेवणाला दिलेला टेकू आहे. नाचणीची मुद्दे, पालेभाजी, डाळ, अंडं हे सगळं ताटात लागतंच.

घरी काय कराल?

मीठ आयोडीनयुक्त घ्या आणि पाकिटावरची तारीख बघा. घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून दूर ठेवा. ओला चमचा घालू नका. शक्य तिथे मीठ स्वयंपाकाच्या शेवटी घाला, आयोडीन कमी उडतं. लोणच्यालाही हेच मीठ चालतं.

रक्तदाबासाठी मीठ कमी करा म्हटलं, तर कमी करा, पण जे खाल ते आयोडीनचं खा. उपासाला सैंधव चालेल, रोजचं मीठ म्हणून नको. घरात गरोदर सून-लेक असेल तर हे आधी तपासा. थायरॉइडचा आजार असेल तर आपल्या डॉक्टरांशी बोला.

गुणसंवर्धित तांदळातले दाणे निवडू नका. एक-दोन पाण्यांनी हलकेच धुवा. भात वेळून पाणी फेकू नका, कारण फॉलिक आम्ल आणि बी-१२ पाण्यात उतरतात. जेवणाबरोबर चहा-कॉफी टाळा, त्यातलं टॅनिन लोहाला अडवतं. त्याऐवजी कोशिंबिरीवर लिंबू पिळा. इथली कोसंबरी त्याला उत्तमच.

आणि दूध, तेल, आटा घेताना पाकिटावर अधिकचं चिन्ह आणि त्यापुढे एफ हे अक्षर असलेली निळी खूण बघा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती २०१६ मध्ये आणली.

तर आजच्यापुरतं एवढंच. मिठाच्या बरणीचं झाकण घट्ट आहे ना, तेवढं आज बघून घ्या. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.